दोन पितळी बिल्ले

१

सन १९९४, सप्टेंबर महिन्याचा शेवटचा आठवडा. पावसाळा सरला होता, थंडीला अजून अवकाश होता, आणि शाळा चालू असल्यामुळे समुद्रकाठच्या त्या तंबूंच्या उद्यानात गर्दी नव्हती. वर्ष, महिना आणि ऋतू मी प्रारंभीच नमूद करते, कारण पुढील हकिकतीत मला खात्रीने सांगता येईल असे फार थोडे आहे.

मी जुनी मॅट्रिक. एका मोठ्या इस्पितळात चादरींच्या कोठीची प्रमुख होते आणि त्याच खुर्चीवरून निवृत्त झाले. घडी केलेल्या चादरीच्या चारही कडा एका रेषेत आल्याच पाहिजेत, असा माझा नियम होता. नव्या परिचारिका पाठीमागे मला ‘इस्त्री’ म्हणत, हे मला ठाऊक होते. त्यांना मी कधी हटकले नाही, कारण त्या शब्दात मला गैर काही दिसले नाही.

माझी धाकटी बहीण यजमान गेल्यापासून माझ्याकडेच राहत होती. तिला कशाचीच घाई नसे. बाहेर पडायचे ठरले की मी दारात उभी आणि ती आत काहीतरी शोधते आहे, आतून आवाज येई, “आले, आले गं, थांब.” हे शब्द मी लहानपणापासून इतक्या वेळा ऐकले होते की ते तिच्या नावासारखेच झाले होते. तिचा चष्मा, तिच्या किल्ल्या, तिची तिकिटे, सारे माझ्या पर्समध्ये असे.

“तुझी पर्स म्हणजे माझं दुसरं डोकं,” ती म्हणे.

“पहिलं कुठे विसरलीस?” मी विचारी.

तंबूत राहण्याची कल्पना तिचीच. “मेल्यावर जमिनीवर आडवं व्हायचंच आहे, ताई. त्याआधी एकदा हौसेनं होऊ.” मी पुष्कळ आढेवेढे घेतले आणि शेवटी गेले. सुरूच्या झाडांखाली जाड कापडाचे तंबू ओळीने मांडलेले होते. प्रत्येकात दोन खाटा, एक स्टो, एक किटली. व्यवस्था पाहणाऱ्या बाईंच्या हातात कायम गरम पाण्याची मोठी किटली असे. तासाभरात धाकटीने त्यांचे नाव ‘किटलीबाई’ ठेवले. ती सगळ्यांनाच अशी नावे ठेवी, आणि ज्याला ठेवी तोही हसे.

पहिल्या दिवशी आम्ही खाटांवर चादरी घातल्या. चादरीचे एक टोक ती नेहमी उलटे धरी. मध्ये पीळ पडे, आणि तो मी हात फिरवून सोडवी. त्या दिवशीही पडला.

“साठी उलटली तरी तुला चादर धरता येत नाही,” मी म्हणाले.

“तू सोडवतेस म्हणून येत नाही,” ती म्हणाली.

तिच्या निळ्या स्वेटरच्या उजव्या बाहीचे बटण तुटले होते. ते लाव, हेही मी तिला दोन महिने सांगत होते.

२

दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही किल्ला पाहायला गेलो. तंबूंपासून पायवाट चढत जाते आणि टोकाला, तिन्ही बाजूंनी पाणी असलेल्या खडकावर, तो उभा आहे. दरवाजा एकच. दरवाजाच्या कमानीत एक बाक, आणि बाकाच्या वर भिंतीवर लाकडी फळा. फळ्यावरच्या खिळ्यांना पितळी बिल्ले टांगलेले. आत जाताना माणशी एक बिल्ला घ्यायचा आणि बाहेर पडताना परत टांगायचा.

“संध्याकाळी मी कोणाला शोधत फिरत नाही,” दरवान म्हणाला. तो लठ्ठ, बोलका आणि उघडच आळशी मनुष्य होता. “गुडघे कुठे आहेत तेवढे? घंटा देतो नि फळ्याकडे बघतो. फळा भरला की किल्ला रिकामा. कुलूप घातलं, सायकल काढली.”

“आणि एखादा बिल्ला खिशात घालून घरी गेला तर?” धाकटीने विचारले.

“मग त्याच्या नावानं बोटं मोडत सगळा किल्ला पालथा घालायचा. एकदा घातला होता. साहेब घरी बसून जेवत होते.”

ती खळखळून हसली. कमान ओलांडेपर्यंत त्याचे ‘कुलूपराव’ झाले होते. दोन्ही बिल्ले मी घेतले. तिने हात पुढे केला नाही. तशी पद्धतच नव्हती आमची.

आत दारूगोळ्याचे कोठार होते, पाण्याचे टाके होते, शिपायांच्या खोल्या होत्या. मी पाट्या वाचीत क्रमाने गेले. धाकटी मागे रेंगाळत होती, दगडावर हात फिरवीत, कोणाचा पलंग कुठे असेल याचा अंदाज करीत. सर्वांत वर एक लांब खोली होती. समुद्राच्या बाजूला खिडक्यांची रांग, आणि टोकाला, जमिनीच्या बाजूला, एक अरुंद खिडकी. खोलीच्या दुसऱ्या टोकाशी दार नसलेली चौकट होती आणि तिच्यापलीकडे आणखी एक अंधारी खोली.

“ताई, इथून आपला तंबू दिसतो बघ. आणि खाली दरवाजा. कुलूपरावाचं टक्कलसुद्धा.”

मी पाहिले. खरेच दिसत होते. खाऱ्या वाऱ्याने धूसर झालेला चष्मा तिने पुसायला म्हणून माझ्याकडे दिला, आणि तो माझ्या पर्समध्येच राहिला.

“आणि हे ऐक.” तिने भिंतींकडे तोंड करून हाक मारली, “ताई.”

खोलीने उत्तर दिले, पण लगेच नव्हे. पलीकडच्या खोलीतल्या कोणीतरी आधी नीट ऐकून घ्यावे आणि मग म्हणून पाहावे, इतक्या अंतराने.

“माझ्यासारखीच आहे,” ती म्हणाली. “उशिरा उत्तर देते.”

माझे पाय दुखत होते. चहाची वेळ टळून गेली होती. मी निघू म्हणाले, ती हो म्हणाली आणि पलीकडच्या खोलीत शिरली. मी थांबले. मग घंटा झाली. मी हाक मारली.

“आले, आले गं, थांब.”

मी पुन्हा हाक मारली. पुन्हा तेच उत्तर आले. त्यांतले दुसरे तिचे होते की भिंतीचे, हे मी तेव्हा मनात आणले नाही. मी एकटीच जिना उतरले.

कमानीत दरवान कुलूप हातात घेऊन उभा होता. “दुसऱ्या बाई?”

“आहे मागेच,” मी म्हणाले, आणि दोन्ही बिल्ले फळ्यावर टांगले. त्याने फळ्याकडे पाहिले, जिन्याकडे नाही.

माझ्या मनात काय होते ते मी स्पष्ट लिहिते. एकदा, फक्त एकदाच, तिच्या तोंडावर दार बंद व्हावे. तिने आतून धपके मारावेत, त्याने कुरकुरत उघडावे, आणि आयुष्यभर लोकांना ताटकळत ठेवणे म्हणजे काय ते तिला कळावे. मी पायवाटेला लागले. मागे दरवाजा लागल्याचा आवाज आला. मी धपक्यांची वाट पाहत सावकाश चालले.

धपके आले नाहीत. दरवान सायकलवरून माझ्या बाजूने गेला, “निघतो बाई” म्हणाला. त्याला थांबवायला मी तोंड उघडले. तेवढ्यात खाली, आमच्या तंबूसमोर, मला निळा स्वेटर दिसला. किटलीतून वाफ निघत होती. मी दरवानाकडे पाहून नुसती मान हलवली.

३

“ये. चहा तयार आहे,” धाकटी म्हणाली.

“तू कधी आलीस?”

“तुझ्याबरोबरच.”

“पायवाटेवर तर दिसली नाहीस.”

“तू मागे पाहिलं नाहीस, ताई.”

हे खरे होते. मी मागे पाहिले नव्हते. चहा मला लागतो तसाच होता, कमी साखरेचा आणि कडक. धाकटीने केलेला चहा आयुष्यात कधी तसा झालेला नव्हता. मी बशी खाली ठेवताना तिच्या बाहीकडे माझे लक्ष गेले. बाहीला बटण होते.

“हे कधी लावलंस?”

“तू सांगितलं होतंस ना.”

बटण लावायला वेळ लागत नाही. सुई-दोरा माझ्या पर्समध्ये असतो, पर्स माझ्या हातात होती, तरी किटलीबाईंकडून तिने मागून घेतला असेल, असे मी मनाशी म्हटले. किल्ल्याला समुद्राच्या बाजूने एखादा चोरदरवाजा असेल, असेही म्हटले. मी अडाणी बाई नाही. ज्या गोष्टीला एक साधे कारण पुरते तिला दुसरे शोधू नये, हे मला कळते. मला त्या संध्याकाळी किती साधी कारणे लागली ते मात्र मी मोजले नाही.

सकाळी आम्ही चादरी काढून घड्या घातल्या. तिने दोन टोके धरली, मी दोन धरली. चादर ताणली गेली. माझा हात सवयीने पीळ सोडवायला फिरला आणि हवेतच राहिला. पीळ नव्हता. ती दोन पावले पुढे आली, कडेला कड जुळवली, टोके माझ्या हातात दिली. इस्पितळात मी जितक्या मुली तयार केल्या त्यांतल्या एकीलाही अशी घडी आली नाही.

तिची बोटे माझ्या बोटांना लागली. थंड नव्हती. लिहिणारे तसे लिहितात, म्हणून मुद्दाम सांगते. चांगली उबदार होती.

“छान,” मी म्हणाले. तिला मी कधी तसे म्हटल्याचे आठवत नाही.

मग बिस्किटांचा डबा हातात घेऊन तिने त्यावरची बारीक अक्षरे वाचून दाखवली. तिचा चष्मा माझ्या पर्समध्ये होता. चष्म्याशिवाय तिला समोरची भिंत दिसत नसे. तो तिने आदल्या दुपारपासून मागितला नव्हता, आणि पुढेही कधी मागितला नाही.

४

निघण्याआधी मी पुन्हा किल्ल्यावर गेले. हातरुमाल राहिला, असे सांगून. ती बरोबर आली, आमच्या दोघींच्या पिशव्या घेऊन, माझ्यामागे एक पाऊल.

दरवाजावर दोन कुलपे लागली होती. दरवान एका फळकुटावर ‘बंद’ अशी पाटी रंगवीत बसला होता.

“संपला हंगाम, बाई. आता गार वारा सुटणार. एप्रिलात उघडू.”

“आत पाहिलंत का कोणी राहिलं आहे का?”

“फळा भरला होता की. तुम्हीच शेवटच्या.”

“दुसरा एखादा दरवाजा आहे का याला? समुद्राकडून?”

“दुसरा असता तर मला पगार कशाला दिला असता? तिकडे नुसता कडा आहे. उतरायचं तर एकदाच उतरता येतं.” तो आपल्याच विनोदावर हसला. धाकटी हसली नाही. आदल्या दिवशी ती हसून बेजार झाली असती.

आणि तेव्हा आतून, वरून, फार लांबून आवाज आला. “ताई.”

मी दरवानाकडे पाहिले. त्यानेही ऐकले होते. ब्रश न थांबवता तो म्हणाला, “त्या वरच्या खोलीत आवाज अडकून राहतो, बाई. सकाळी दार उघडावं तर कालचे लोक बोलताना ऐकू येतात. मी तर लक्षच देत नाही. कोणाकोणाला ओ देणार?”

मला बोलायचे होते. मी वाक्य मनात जुळवून पाहिले. माझी बहीण आत राहिली आहे, कृपा करून दार उघडा. आणि ती माझ्या शेजारी दोन्ही पिशव्या घेऊन उभी होती. असे वाक्य बोललेल्या बाईला लोक कोठे नेतात ते मला ठाऊक आहे. इस्पितळातल्या वेड्यांच्या खोल्यांनाही मीच चादरी पुरवीत असे.

पण एवढेच कारण नव्हते. बोलायचे तर आधी हे सांगावे लागले असते की तिला बाहेर येताना न पाहताच मी तिचा बिल्ला टांगला.

“चल ताई,” ती म्हणाली. “त्या गृहस्थांचा वेळ नको घ्यायला.”

त्या गृहस्थांचा. कुलूपरावाचा नव्हे. मी तिच्याबरोबर उतरले.

५

तो हिवाळा माझ्या आयुष्यातील सर्वांत सुखाचा गेला. हे वाक्य लिहायला मला जड जाते, पण खोटे लिहिणे त्याहून जड आहे.

घरात काहीही हरवत नसे. चहा वेळेवर, दिवे वेळेवर. बाहेर जायचे म्हटले की ती माझ्याआधी दारात, हातात माझा करडा कोट. पुस्तक वाचताना कोणी मध्येच शेजारणीची हकिकत सुरू करीत नसे. कपाटातल्या चादरी अशा रचलेल्या की दार उघडून पाहत राहावे. मी जन्मभर तिला जे जे सांगत आले होते ते ते सगळे ती झाली होती. कोणी माझ्या मनातली यादी वाचून तशी बहीण घडवून दिली असती तर ती हीच.

कधी दुपारी मी तिच्या खोलीवरून जात असे. दार अर्धवट उघडे असे. ती खोलीच्या मधोमध उभी, हात पुढे जुळवून, तोंड भिंतीकडे. झोपलेली नाही, प्रार्थना करीत नाही, कशाचा विचारही करीत नाही. जागेवर ठेवल्यासारखी. मी हाक मारली की लगेच वळे. “काय, ताई?” हाक पुरी होण्याच्या जरा आधीच वळे.

मी त्या बाजूने जाणे कमी केले. हाक मारणेही.

चष्मा मात्र माझ्या पर्समध्ये होता. पैसे काढताना बोटांना लागे. तो मी बाहेर काढून ठेवला नाही, आणि पर्सही बदलली नाही.

बाहेर वारा सुटला की मी पडदे लावून घेई. समुद्रावर तो किती झोंबत असेल, त्या खिडक्यांना काचा होत्या की नुसत्या चौकटी, हे आठवू नये म्हणून मी मोठ्याने वर्तमानपत्र वाचीत असे. ती समोर बसून ऐके. एकदाही मध्ये बोलली नाही.

६

फेब्रुवारीत भाची आली. धाकटीची एकुलती मुलगी. तिला दिवस गेले होते, मे महिन्यात बाळ व्हायचे होते. धाकटी चहा करायला आत गेल्यावर ती माझ्याजवळ सरकली.

“मावशी, आई बरी आहे ना?”

“उत्तम आहे. का?”

“मला ‘चिमणी’ नाही म्हणाली. आल्यापासून एकदाही नाही. ‘मुली, बस’ म्हणाली. मुली काय, मावशी? मी काय मुलाखतीला आलेय?”

“वयानं माणूस गंभीर होतं.”

“आई? अगं, बाबा गेले तेव्हा तेराव्या दिवशी तिनं मला हसवलं होतं.” तिने दाराकडे एकदा पाहिले. मग आवाज उतरवून म्हणाली, “आणि ते दार. मी बेल वाजवली की आतून ‘आले, आले गं, थांब’ यायचं, मग काहीतरी पडल्याचा आवाज, मग दार. मी पायऱ्यांवर बसून चप्पलसुद्धा काढून ठेवायचे. आज बेलवर बोट ठेवलं नि दार उघडलं. म्हणजे ती दाराला नाक लावूनच उभी असणार.”

मी समोरचे वर्तमानपत्र घडी करून ठेवले.

“तिकडे गेला होतात ना, समुद्रावर? तिथे काही झालं का? पडलीबिडली का ती? तू सांगत नाहीयेस.”

माझ्या भाचीने तिच्या आईबद्दल मला सरळ प्रश्न विचारला होता. मी तिच्या डोळ्यांत पाहून उत्तर दिले. “काही झालं नाही. दोघी गेलो, दोघी आलो.”

तिने सुस्कारा टाकला. तिचा माझ्यावर विश्वास होता. मी कधी खोटे बोलत नाही, असा घरात माझा लौकिक होता.

“मग ठीक आहे. एप्रिलअखेर मी आईला घेऊन जाते. बाळाला ती आंघोळ घालेल, मांडीवर घेईल, रात्री मी झोपेन. माझ्या बाळानं पहिलं हसणं तिच्याकडून शिकावं, असं आहे माझ्या मनात.”

धाकटी चहा घेऊन दारात उभी होती. केव्हापासून, ते कळले नाही. कप एका रेषेत मांडलेले होते.

“मी सांभाळीन,” ती म्हणाली. “मला सांग, कसं हवं आहे. तसं मी सांभाळीन.”

७

एप्रिलात मी जाण्याचे ठरवले. एकटीने जायचे, दरवानाला सगळे सांगायचे, आणि त्याने वेडी म्हटले तर म्हणू द्यायचे. ती बाजारात गेली असताना मी कोट घातला आणि दार उघडले. ती पायरीवर उभी होती, प्रवासाची पिशवी हातात.

“दोघीच जाऊ,” ती म्हणाली. “तंबू तोच सांगितला आहे.”

सुरूची झाडे तशीच होती. किटलीबाईंनी आम्हांला ओळखले. “तुमच्या बहीणबाई कशा आहेत?” त्यांनी मला विचारले; ती माझ्या शेजारीच उभी होती. मग त्यांच्या लक्षात आले आणि त्या ओशाळून हसल्या. “अगंबाई, याच की. मी कशी विसरले?”

दुपारी आम्ही वर गेलो. दरवान हिवाळ्यात आणखी लठ्ठ झाला होता. मी त्याच्याशी बोलायला तोंड उघडणार, तेवढ्यात त्याने दोन बिल्ले माझ्या हातावर ठेवले आणि तो पुढच्या मंडळींकडे वळला. आत आधीच बरेच लोक होते. धाकटी कमानीतल्या बाकावर फळ्याखाली बसली.

“मी इथेच बसते. तू जाऊन ये.”

“तुला यायचं नाही?”

“तुला एकटीलाच जायचं आहे ना, ताई?” तिने हात पुढे केला. “दोन्ही बिल्ले माझ्याकडे दे. हरवतील.”

साठ वर्षे दुसऱ्याच्या वस्तू सांभाळणाऱ्या माणसाला, तुझे ओझे इकडे दे, असे कोणी म्हटले की काय होते, ते ज्याचे त्याला ठाऊक. माझे मन वर, त्या लांब खोलीत होते. मी दोन्ही बिल्ले तिच्या तळहातावर ठेवले आणि जिना चढले.

खोलीत कोणी नव्हते. खिडक्यांना काचा नव्हत्या. फरशीवर वाऱ्याने आणलेले मीठ पांढरे साचले होते आणि पलीकडच्या चौकटीपासून खिडकीपर्यंत ते झिजून एक वाट पडली होती. कोणीतरी पुष्कळ वेळा जाऊन खाली पाहून आल्यासारखी.

मी चौकटीकडे तोंड केले. नेहमीची, कोठीतल्या मुलींना मारावी तशी हाक घशात आली. ती मी गिळली.

“अगं, ये,” मी म्हणाले. “मी थांबले आहे.”

माझा आवाज परत आला नाही.

मग पलीकडून, अंधारातून, अगदी तिच्या सुरात, “आले, आले गं, थांब.” आणि काहीतरी पडल्याचा आवाज.

८

मी थांबले. ती सावकाश येत होती. पाय ओढल्याचा, थांबल्याचा, पुन्हा ओढल्याचा आवाज येत होता. मध्येच भिंत चाचपल्यासारखा. तिला चष्मा नव्हता, हे मला तेव्हा सुचले. मी पर्स उघडली.

खाली लोकांचे बोलणे, मुलांचे ओरडणे कमी कमी होत गेले. घंटा झाली.

मी अरुंद खिडकीशी गेले. लोक बाहेर पडत होते, बिल्ले टांगत होते. शेवटी कमानीपुढे दरवान आणि ती दोघेच उरले. फळा मला दिसत नव्हता, पण तिचा हात वर गेलेला दिसला. एकदा. आणि पुन्हा एकदा. दरवानाने काही विचारले. तिने अर्धवट वळून उत्तर दिले. ते इतक्या उंचीवर ऐकू येणे शक्य नव्हते, आणि ते ऐकण्याची मला गरजही नव्हती. ते माझेच वाक्य होते.

मी ओरडले. दरवानाचे नाव मला माहीत नाही. मी “अहो, थांबा” म्हणून ओरडले, “मी आत आहे” म्हणून ओरडले. त्याने मान वर केली. खिडकीकडे, माझ्याकडे पाहिले. मग तिला काहीतरी सांगून, अडकलेल्या आवाजांबद्दलच असणार, तो हसला, आणि दरवाजा लोटला.

ती पायवाटेने उतरू लागली. घाई नाही, रेंगाळणे नाही. तिने मागे पाहिले नाही. दरवान सायकलवरून तिच्या बाजूने गेला आणि तिने मान हलवली.

खाली सुरूच्या झाडांत, आमच्या तंबूसमोर, किटलीतून वाफ निघत होती. स्टोपाशी कोणीतरी उभे होते. पाठ ताठ, केस चापून बसवलेले, अंगात करडा कोट. कप एका रेषेत मांडणे चालले होते. दोन कप.

माझा करडा कोट माझ्या अंगावर होता. मी तो चाचपून पाहिला.

एप्रिलअखेर भाची येईल. बेलवर बोट ठेवताच दार उघडेल. ती मला विचारील, मावशी, आई बरी आहे ना, आणि तिला उत्तर मिळेल, माझ्याच आवाजात, डोळ्यांत पाहून. तिचा विश्वास बसेल. तो बसावा अशी व्यवस्था मीच फेब्रुवारीत करून ठेवली आहे.

मागे आवाज थांबला होता. मी वळले. चौकटीच्या दगडावर, अंधाराच्या बाजूने, चार बोटे आली होती. मिठाने पांढरी झालेली, दगडाची कड चाचपणारी. निळी बाही मनगटावर सैल लोंबत होती. तिला बटण नव्हते.

मी चष्मा पदराने नव्हे, कोटाच्या अस्तराने पुसला, म्हणजे काचांना चरा पडत नाही, आणि हातात धरून उभी राहिले.

“सावकाश ये,” मी म्हणाले. “घाई नाही.”

सन १९९५, एप्रिल महिन्याचा दुसरा रविवार, वसंत ऋतू. त्या संध्याकाळी हे प्रकरण मिटले. फळा भरला होता.